दूध मोजले जाते, कास तपासली जात नाही

महाराष्ट्रात दुधाच्या दराचा प्रश्न दर काही वर्षांनी रस्त्यावर येतो. जुलै २०१८ मध्ये आंदोलकांनी दुधाचे टँकर अडविले, दूध रस्त्यावर ओतले आणि शासनाला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेवढ्याच अनुदानाची घोषणा. उत्पादन खर्च वाढत असता दर पडले, तर उत्पादकाने आवाज उठवावा हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या दुधासाठी हा झगडा होतो, त्यातील काही भाग गोठ्याबाहेर पडण्यापूर्वीच नाहीसा होत असतो. ते दूध कोणी ओतून देत नाही. ते कासेत तयारच होत नाही. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, विधिमंडळात त्यावर चर्चा होत नाही आणि बहुधा खुद्द गाईच्या मालकालाही त्याचा पत्ता नसतो.

या हानीचे कारण म्हणजे गाईच्या कासेला होणारा जंतुसंसर्ग. शास्त्रीय परिभाषेत त्याला कासदाह म्हणतात. खेड्यापाड्यांत तो 'दगडी' या नावाने ओळखला जातो. सुजलेली कास हाताला दगडासारखी टणक लागते, यावरून हे नाव पडले असावे. नाव समर्पक आहे, पण त्यातच एक मोठी फसगत दडलेली आहे. कास दगडासारखी होते ती रोगाच्या अगदी उघड अवस्थेत. त्याच्या कितीतरी अधिक गाईंची कास मऊ असते, दूध पांढरेशुभ्र दिसते, गाय चारा खाते, रवंथ करते. आणि तरीही एखाद्या सडात जंतूंनी ठाण मांडलेले असते. हा सुप्त कासदाह. हानीचा मोठा वाटा याचाच असतो, असा जगभरच्या पशुवैद्यकांचा अनुभव आहे. भारतात कासदाहामुळे वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज २००९ साली मांडला गेला होता आणि त्यातही सुप्त रोगाचा वाटा उघड रोगाहून मोठा धरलेला होता. त्यानंतर देशातील दूध उत्पादन पुष्कळ वाढले. २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३.९ कोटी टनांवर गेले. उत्पादन वाढले, संकरित गाई वाढल्या. म्हणजे या रोगाचे क्षेत्रही विस्तारले.

रोगाची वाट

कासेचे चार स्वतंत्र भाग असतात व प्रत्येकाला एक सड असतो. सडाच्या टोकाशी असलेली अरुंद नलिका हेच जंतूंचे बहुतेक वेळा एकमेव प्रवेशद्वार. निसर्गाने या द्वाराला चांगला दरवाजा बसविला आहे. दोन धारांच्या मधल्या काळात स्नायूंचे वलय नलिका आवळून धरते आणि आतले केराटिन नावाचे मेणचट द्रव्य तिला बूच बसवावे तशी बंद करते. धार काढताना मात्र हा दरवाजा उघडतो, आणि धार संपल्यावर अर्धा-पाऊण तास तो पुरता मिटत नाही. नेमक्या याच वेळी गाय शेणामुतात बसली, तर बाहेरच्या जंतूंना आत शिरण्यास आयती संधी मिळते.

जंतू दोन वाटांनी येतात. काहींचे बिऱ्हाड रोगी कासेतच असते. ते धार काढणाऱ्याच्या हातांवरून, कास पुसण्याच्या एकाच फडक्यावरून किंवा यंत्राच्या रबरी नळ्यांतून एका गाईकडून दुसरीकडे जातात. यांतील एका साखळीजंतूचा कासदाहाशी असलेला संबंध फ्रान्समध्ये नोकार व मोलरो यांनी १८८७ सालीच दाखवून दिला होता. आज अधिक चिवट ठरतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पुंजजंतू. तो कासेच्या ऊतकांत खोल दडून बसतो व औषधालाही सहजी दाद देत नाही. दुसऱ्या प्रकारचे जंतू गोठ्यातलेच. शेण, चिखल, ओली जमीन, साचलेले मूत्र हे त्यांचे माहेर. ई. कोलाय हा त्यांपैकी सर्वांत परिचित. पहिल्या प्रकारचे जंतू धारेच्या वेळी पसरतात, दुसरे दोन धारांच्या मधल्या वेळात. म्हणून केवळ हात धुऊन भागत नाही आणि केवळ गोठा झाडूनही भागत नाही.

जंतू आत शिरले की गाईचे शरीर प्रतिकारास सज्ज होते. रक्तातील पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने कासेकडे धाव घेतात व दुधात उतरतात. निरोगी कासेच्या एका मिलिलिटर दुधात अशा पेशी सामान्यतः एक लाखाच्या आत असतात. त्या दोन लाखांच्या वर गेल्या, की आत संसर्ग आहे असे मानले जाते. या झुंजीत दूध तयार करणाऱ्या पेशींची पडझड होते. दूध घटते, त्यातील दुग्धशर्करा व केसिन हे प्रथिन कमी होते, आणि रक्तातील क्षार दुधात उतरल्याने त्याला किंचित खारट चव येते. एकदा नष्ट झालेल्या ऊतकाच्या जागी तंतुमय गाठ उरली, तर त्या सडाचे दूध कायमचेच उणे होते.

पावतीवरचा मूक दंड

आता हा सर्व व्यापार गावच्या संकलन केंद्रावर कसा दिसतो ते पाहण्यासारखे आहे. उत्पादकाने किटली आणली की दुधाचे वजन होते, नमुना यंत्रात जातो, आणि पावतीवर दोन आकडे उमटतात: फॅट म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ. गाईच्या दुधासाठी ३.५ आणि ८.५ ही जोडी राज्यातील लहान पोरांनाही पाठ झाली आहे. त्याखाली अंश घसरला की पैसे कापले जातात. कासदाहात दुग्धशर्करा व केसिन घटतात हे वर आलेच आहे; आणि स्निग्धेतर घनपदार्थांत मुख्य भरणा याच दोहोंचा असतो. अर्थात एसएनएफ घसरण्यामागे अपुरा चारा, उन्हाळा, जातीचा गुण, किटलीतले पाणी अशी इतर कारणेही असतात. पण सुप्त कासदाह हे त्यांतील एक ठळक कारण आहे, यात शंका नाही.

याचा अर्थ असा की, या रोगाचा दंड उत्पादक आजही भरतोच आहे. दूध घटल्याने एकदा भरतो, अंश घसरल्याने दुसऱ्यांदा भरतो. फक्त त्या दंडाच्या पावतीवर रोगाचे नाव नसते. परिणामी गाईचा मालक पेंड बदलतो, क्षारमिश्रण बदलतो, केंद्रचालकावर संशय घेतो, यंत्रच खोटे आहे म्हणतो. आणि केंद्रचालक उलट त्याच्यावर पाण्याचा आळ घेतो. गावोगावी होणाऱ्या या भांडणांत कासेकडे बोट दाखविणारा कोणी नसतो. ज्या व्यवस्थेने दुधाचा थेंब न् थेंब मोजण्यासाठी गावात विद्युत्‌यंत्रे आणली, तिला ते दूध निरोगी सडातून आले की रोगी, हे विचारण्याची आवश्यकता वाटलेली नाही.

इतर देशांत हा प्रश्न विचारला जातो. युरोपीय संघात कच्च्या गाईच्या दुधातील पेशींची मर्यादा मिलिलिटरला चार लाख, तर अमेरिकेत साडेसात लाख आहे. तेथील दूध संस्था पेशींचे प्रमाण नियमित मोजतात व कित्येक ठिकाणी त्यानुसार दर बदलतो. पेशी कमी तर भाव अधिक, इतका साधा संबंध जुळला की शेतकऱ्याला कासेच्या आरोग्यावर प्रवचन देण्याची गरज उरत नाही. दर हीच त्याला रोज वाचायला मिळणारी पुस्तिका ठरते.

इंग्लंडचा धडा

या रोगावर विजय मिळतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडने पूर्वीच देऊन ठेवले आहे. तेथील रेडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत नीव्ह, डॉड, किंगविल आदी शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात गोठ्यागोठ्यांत प्रयोग करून एक पाच कलमी कार्यक्रम सिद्ध केला. प्रत्येक धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडविणे. गाय आटविताना चारही सडांत प्रतिजैविक सोडणे. उघड रोगाचा तत्काळ उपचार करून त्याची नोंद ठेवणे. वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढणे. आणि दूध काढण्याचे यंत्र सुस्थितीत राखणे. यात एकही गोष्ट अद्‌भुत नव्हती. परंतु सगळ्या गोष्टी एकत्र, दररोज आणि नोंदीसह केल्या गेल्या. १९६० च्या सुमारास तेथे शंभर गाईंमागे वर्षाला उघड कासदाहाचे दीडशेच्या आसपास प्रसंग घडत. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते चाळिसाच्या आसपास आले. संसर्गजन्य जंतू हटले. गोठ्यातले जंतू मात्र पुष्कळसे तसेच राहिले, कारण त्यांचा बंदोबस्त सड बुडवून होत नाही, त्यासाठी गोठाच कोरडा करावा लागतो. हा धडा अर्धा यशाचा व अर्धा सावधगिरीचा आहे.

तथापि हा कार्यक्रम जसाच्या तसा उचलून येथे लावू म्हटल्यास दोन ठिकाणी अडचण येते, आणि ती अडचण प्रामाणिकपणे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली अडचण रोगी गाय काढून टाकण्याची. इंग्लंडमध्ये अशी गाय खाटीकखान्यात जाते व तिच्याबरोबर तिच्या कासेतले जंतूही संपतात. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि २०१५ मध्ये ती बैल व वळूंनाही लागू झाली. त्या कायद्याचे बरेवाईट हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण त्याच्या चौकटीत एक गोष्ट मान्य करावीच लागते: आपल्याकडे रोगी गाय 'काढली' जाते ती आठवड्याच्या बाजारात, दुसऱ्या शेतकऱ्याला. विकणाऱ्याने सडाचा दोष सांगितला नाही, तर घेणारा कर्ज काढून रोग विकत घेतो, आणि तो रोग त्याच्या गोठ्यातल्या चांगल्या गाईला लागतो. म्हणून येथे निर्मूलनापेक्षा विलगतेवर भर द्यावा लागेल. जुनाट रोगाच्या गाईची धार सर्वांत शेवटी काढणे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिचा निकामी सड कायमचा आटविणे, आणि बाजारात गाय घेताना तिच्या चारही सडांची चाचणी करूनच सौदा पुरा करणे, हे आपल्या परिस्थितीतले व्यवहार्य पर्याय होत. दात आणि शिंगे पाहून गाय पारखणाऱ्यांना सडाची चाचणी शिकणे जड जाऊ नये.

दुसरी अडचण सरसकट प्रतिजैविकांची. ज्या काळात ते कलम लिहिले गेले, तेव्हा प्रतिजैविके म्हणजे अक्षय्य भांडार आहे असा समज होता. तो खोटा ठरला. औषधाला न जुमानणारे जंतू वाढले आणि जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघाने निरोगी जनावरांना नित्याची प्रतिबंधक प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. आता तेथे चाचणीत रोगी ठरलेल्या गाईलाच आटविताना औषध देतात. निरोगी गाईच्या सडात औषधरहित लेप भरून वाट बंद करतात. भारतानेही जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचे शस्त्र मानले गेलेले औषध पशुपालनात वापरण्यास मनाई केली. दिशा एकच आहे: आधी चाचणी, मग औषध. आपल्या गावांत मात्र क्रम बहुधा उलटा असतो. सड सुजला की हाताशी असेल ती ट्यूब सोडायची, दोन दिवसांत सूज ओसरली की उपचार अर्धवट टाकायचा, पुन्हा सुजला की अधिक जोरकस औषध मागायचे. या रीतीने जंतू मरत नाहीत, ते शिकतात.

शहराचा संबंध

शहरात राहणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला वा वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला वाटेल की, गोठ्यातल्या या गोष्टीशी आपला संबंध काय? संबंध चहाच्या पेल्याइतका जवळचा आहे. पाश्चरीकरणाने किंवा घरी उकळल्याने दुधातले कासदाहाचे जंतू मरतात, ही दिलाशाची बाब. पण पुंजजंतूंनी आधीच सोडलेली काही विषे उष्णतेला दाद देत नाहीत, आणि प्रतिजैविकांचे अवशेषही उकळण्याने भरवशाने नाहीसे होत नाहीत. औषधोपचार चालू असलेल्या गाईचे दूध, औषधाच्या वेष्टनावर दिलेली मुदत संपेपर्यंत विकता कामा नये, हा नियम त्यासाठीच आहे. विरजण लावूनही दही नीट लागत नाही, या घरगुती तक्रारीची कारणे अनेक असतात. त्यांत दुधातील प्रतिजैविक हेही एक असू शकते, कारण ते विरजणातल्या उपकारक जंतूंनाही मारते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर आढळले. प्रमाण सुमारे सव्वा टक्का. घबराटीचे कारण नाही, पण दुर्लक्षाचेही नाही.

मात्र याचा सारा दोष उत्पादकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत आणि ज्याचा दहा दिवसांचा पगार म्हणजे दुधाचे बिल, त्याने एका गाईचे आठवडाभराचे दूध ओतून द्यावे, असे नियम सांगतो. डॉक्टरांची फी, औषधाचा खर्च, त्यात उत्पन्न बंद. शिवाय सोसायटीचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी औषधाचे दूध मोठ्या किटलीत मिसळले, तर त्याला अप्रामाणिक म्हणणे सोपे आहे. त्याचा प्रामाणिकपणा त्याला परवडेल अशी तजवीज करणे अवघड आहे. समाजाने सोपे काम पुष्कळ केले. आता अवघड कामाकडे वळले पाहिजे. दूध संघांनी लिटरमागे काही पैसे बाजूला काढून एक निधी उभारावा आणि पशुवैद्यकाच्या दाखल्यावर, रोखून ठेवलेल्या दुधाची अंशतः भरपाई द्यावी, ही कल्पना खर्चिक वाटली तरी अवाजवी नाही. प्रतिजैविक मिसळल्यामुळे एक टँकर नाकारला गेला तर होणारी हानी त्या निधीहून लहान नसते.

गोठ्यात काय व्हावे

रोगाला आळा घालण्याची साधने स्वस्त आहेत. धारेपूर्वी कास स्वच्छ करून कोरडी पुसावी, प्रत्येक गाईला वेगळे फडके असावे. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोनतीन धारा काळ्या कपड्यावर किंवा काळ्या ताटलीत काढून पाहाव्यात. गाठी, चोथा, पाणीदारपणा तेथेच दिसतो. धार पूर्ण मुठीने काढावी. अंगठा मुडपून सड ओढण्याची सवय सडाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. धारेनंतर सुमारे अर्धा टक्का आयोडीन व थोडे ग्लिसरीन असलेल्या द्रावणात सड बुडवावा. हे काम काही सेकंदांचे आहे. त्यानंतर गाईपुढे ताजा चारा टाकावा, म्हणजे ती उभी राहील आणि सडाचे दार मिटायला अवसर मिळेल. पान्हा घालण्यासाठी गाईला निर्धास्तपणा लागतो. आरडाओरडा, मार, अनोळखी माणूस यांनी दूध कासेत अडून राहते. गाय विण्यापूर्वी साधारण साठ दिवस आटवावी. आटविल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि विण्याच्या आसपासचे दिवस हे नव्या संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे, म्हणून नेमक्या त्या 'भाकड' गाईकडे दुर्लक्ष करण्याची रीत सोडली पाहिजे.

आता अनेक गोठ्यांत दूध काढण्याची यंत्रे आली आहेत. ती श्रम वाचवितात, पण निगा न राखल्यास रोगाची वाहनेही ठरतात. सडावर बसणारी रबरी नळी सुमारे अडीच हजार धारांनंतर बदलावी, असा सर्वमान्य संकेत आहे. दहा गाईंच्या गोठ्यात एकाच यंत्राने दोन वेळ धार काढली, तर दिवसाला वीस धारा होतात. म्हणजे सव्वाशे दिवसांत, जेमतेम चार महिन्यांत, त्या रबराचे आयुष्य संपते. किती गोठ्यांत ते चार महिन्यांनी बदलले जाते, हे यंत्र विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने अलीकडच्या काळात कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा प्रसार केला आहे. अडीचशे ग्रॅम कोरफड, पन्नास ग्रॅम हळद व पंधरा ग्रॅम चुना एकत्र वाटून तो लेप दिवसातून अनेकदा कासेला लावतात. प्रतिजैविकांवरचा भार हलका करण्याच्या दृष्टीने हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. पण लेप काय किंवा ट्यूब काय, दोन्ही रोग झाल्यानंतरची साधने. ज्या सडातला रोग दिसतच नाही, त्याला कोणी लेप लावीत नाही. तसाच एक समज देशी गाईविषयी आहे. देशी गाईत हा रोग तुलनेने कमी आढळतो हे खरे. तिचे दूध कमी, कासेवरचा ताण कमी. परंतु ती रोगमुक्त नाही, आणि संकरित गाईवर ज्यांचा प्रपंच उभा आहे, त्या कुटुंबांना भूतकाळाकडे परत जा असे सांगणे हे उत्तर नव्हे.

या सगळ्या सूचनांत एक व्यक्ती नेहमी विसरली जाते. बहुसंख्य घरांत गोठा झाडणारी, शेण काढणारी, वैरण घालणारी आणि पुष्कळदा धार काढणारीही घरातली स्त्रीच असते. सोसायटीचा सभासद मात्र पुरुष, बिल त्याच्या खात्यावर, आणि प्रशिक्षणाचे निमंत्रणही त्यालाच. सडाची सूज ज्या हाताला पहिल्यांदा जाणवते, त्या हाताला शिकविले जात नाही. प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात दुपारी बारा वाजता भरविण्याऐवजी गावात, गोठ्यात, धारेच्या वेळी झाले, तर ते योग्य माणसापर्यंत पोहोचेल.

तिसरा आकडा

सुप्त रोग ओळखण्याची सोपी चाचणी नवी नाही. शाम व नूरलँडर यांनी ती १९५७ साली कॅलिफोर्नियात मांडली. चार वाट्यांच्या थाळीत चारही सडांचे थोडे थोडे दूध घेऊन त्यात एक द्रावण मिसळायचे. पेशी अधिक असल्यास मिश्रण चिकट, जेलीसारखे होते. धुण्याच्या भुकटीच्या सुमारे तीन टक्के द्रावणानेही ढोबळ अंदाज येतो. सत्तर वर्षांची ही चाचणी आजही बहुसंख्य गोठ्यांत पोहोचलेली नाही, याचे कारण तिची किंमत नव्हे. ती करून हाती काय लागणार, याचे उत्तर आपली खरेदीव्यवस्था देत नाही, हे खरे कारण आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पेशींचे निकष लावले तर लहान उत्पादकच आधी बाहेर फेकला जाईल. शिक्षा म्हणून निकष लावले तर हा आक्षेप खरा ठरेल. पण प्रारंभी कपात न करता केवळ अधिक दर दिला, तर चित्र पालटते. आणि येथे आपल्या लहान गोठ्यांची एक सोय लक्षात घेण्याजोगी आहे. परदेशातल्या शंभर गाईंच्या टाकीत एका रोगी गाईचे दूध विरून जाते. आपल्याकडे एका किटलीत दोन-तीन गाईंचेच दूध असते. संघाने महिन्यातून एकदा प्रत्येक उत्पादकाच्या नमुन्यातील पेशी मोजल्या, तर रोग कोणत्या घरात आहे हे थेट कळते. मग थाळी घेऊन त्या घरी गेले की गाय कळते, आणि सडही कळतो. लहानपणाचा असा लाभ ज्यांना मिळू शकतो, त्यांनीच तो न घेणे शहाणपणाचे नाही.

लाळ-खुरकुतासाठी देशव्यापी लसीकरण २०१९ पासून हाती घेतले गेले. २०२२ मध्ये लंपी आला, तेव्हा राज्याची यंत्रणा रात्रंदिवस कामाला लागली. साथ दिसते, म्हणून यंत्रणा धावते. कासदाहाची साथ येत नाही व जातही नाही. ती घरात राहते. तिला संपवून टाकील अशी लस नाही, तिच्यावर उद्‌घाटनाचा सोहळा करता येत नाही. तिच्याशी रोज दोन वेळा, धारेच्या वेळी, गाठ घ्यावी लागते. आणि हे काम रोज करणाऱ्याला त्याचा मोबदला दिसावा लागतो. अनुदानाची घोषणा हंगामापुरती असते, तर निरोगी कासेचे दूध वर्षभर मिळते. संकलन केंद्राच्या पावतीवर फॅट व एसएनएफ यांच्याखाली पेशींचा तिसरा आकडा ज्या दिवशी छापला जाईल आणि त्याला चार पैसे चिकटतील, त्या दिवसापासून दगडीशी खरी लढाई सुरू झाली असे म्हणता येईल. तोपर्यंत आपण दुधाची किंमत ठरवीत राहू, आणि ती किंमत कोण मोजतो आहे हे कासेतच दडून राहील.